वज्रकेतू नदी ओलांडतो

नाव काठाला नीट टेकायच्या आतच राजश्रीनं उडी मारली. चपला हातात, ओढणी कमरेला खोचलेली, आणि मागून नावाडी हौशीराम ओरडतोय, "अगं ए पोरी, नाव उलटी करती का काय!" पण थांबायला वेळ कुणाला होता? बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती.

भीमेच्या अलीकडं वडगाव रासाई, तालुका शिरूर. पलीकडं दौंड तालुका. नदी एकच, पण लोडशेडिंगचे वार दोन्ही काठांना वेगळे. वडगावात रविवारी अकरा ते चार लाइट नाही, पलीकडं मंगळवारी नाही. मंगळवारी लाइट असून राजश्रीला काय उपयोग? 'वज्रकेतू' लागायचा रविवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला.

तिचा माऊलीमामा दौंड स्टेशनात रेल्वेचे डबे झाडायच्या कामावर होता. प्रवासी सीटवर टाकून गेलेली वज्रकेतूची कॉमिक्स तो भाचीसाठी जपून आणायचा. एक ते तेवीस अंक तिच्या पत्र्याच्या पेटीत होते. शेवटचा चोविसावा मात्र कुठल्याच प्रवाशानं मागं सोडला नव्हता. आता त्याच कॉमिक्सची मालिका आली होती, आणि तिचा शेवट बघितल्याशिवाय राजश्री राहणार नव्हती. नदी आडवी आली तर नदी ओलांडायची, एवढा सरळ हिशेब.

काठावरच्या पहिल्याच दुकानातून मालिकेचं संगीत ऐकू आलं. पाटी होती, 'सम्राट रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, बॅटरी चार्जिंग'. आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक तरुण पाठ करून उभा होता आणि चालू टीव्हीच्या बटणाकडं हात नेत होता.

"बंद करू नका! हात लावाल तर बघा!"

त्यानं शॉक बसल्यासारखा हात मागं घेतला. वळून बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला, आणि डोळे असे की आता भांडणच होणार.

"टेस्टिंग झालं हो... गिऱ्हाइकाचा सेट हाय."

"मग अजून अर्धा तास टेस्ट करा की. मधीच बिघडला म्हंजी?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हे राजश्रीला दिसलं, आणि तिनं घाईघाईनं टीव्हीकडं बघितलं. तेवढ्यात धापा टाकत तिची दगडाआत्या आली. एकट्या पोरीला कोण नदीपार सोडणार, म्हणून आत्या सोबतीला. खरं तर आत्यालाही मालिकेचं वेड होतंच, पण ते ती कबूल करत नव्हती.

"ह्यो पोरगा पाठीवर घोंगडी का घेऊन फिरतो गं?" आत्यानं पडद्यावरच्या वज्रकेतूकडं बघून विचारलं.

"घोंगडी न्हाई आत्या, ती उडायची झूल हाय," तो तरुण म्हणाला. पाटीवरचा सम्राट तोच.

"झूल बैलाला असती," राजश्री पुटपुटली. तो पुन्हा हसला. पुन्हा खळी.

त्या दिवसापासून दर रविवारी बाराला दुकानात एक सेट 'टेस्टिंगला' असू लागला. गिऱ्हाइकांचे टीव्ही शनिवारीच दुरुस्त व्हायचे, पण सोमवारशिवाय घरी जायचे नाहीत. दुकान भरू लागलं. उसाच्या गाड्या लावून गाडीवान दारात बसत. हौशीराम नाव बांधून येई आणि खलनायक दिसला की चप्पल उगारी. एक म्हातारा दर भागानंतर त्याच चिंतेनं विचारायचा, "आन् ह्येचं पोटापाण्याचं काय? नोकरी कवा करतो ह्यो?"

राजश्रीला पुढची गोष्ट ठाऊक असायची. जाताना ती सम्राटला हळूच सांगून जायची, आणि तो आठवडाभर गिऱ्हाइकांना भविष्य वर्तवल्यासारखी ऐकवायचा. त्याचा भाव गावात चांगलाच वधारला. पण डिसेंबरात एका रविवारी घात झाला. कॉमिक्समध्ये वज्रकेतूची मैत्रीण मंजिरी त्याला पेटत्या गोदामातून दोरानं ओढून बाहेर काढते. मालिकेत मंजिरी रुमाल तोंडाला लावून नुसती रडत बसली.

"तुम्ही तर म्हणला व्हता ती दोर टाकती," सम्राट कान खाजवत म्हणाला. गाडीवान फिदीफिदी हसत होते.

"टाकतीच! तेरावा अंक. घरी हाय माझ्याकडं." राजश्रीचे कान रागानं लाल झाले होते. "ह्यांनी तिचा दोर काढून घेतला आन् रुमाल दिला. असं कसं चालंल?"

"मालिका हाय वो... आपण काय करणार?"

"लिहिणार."

पुढच्या रविवारी ती पोस्टकार्डांची चळतच घेऊन आली. मालिका संपल्यावर एकालाही उठू दिलं नाही. ज्याला जे वाटतं ते तो सांगायचा आणि ती शब्दही न बदलता लिहायची. हौशीराम म्हणाला, "लिव, त्या पोरीला नाव चालवाया शिकवा." आत्या म्हणाली, "रडून कुणाचं भलं झालंय म्हणावं." म्हाताऱ्यानं वज्रकेतूच्या नोकरीचंच लिहायला लावलं. एक्केचाळीस कार्डं झाली. उत्तरासाठी पत्ता कुणाचा द्यायचा? वडगावात पोस्टमन कार्ड वाचत वाचतच घरी यायचा, म्हणून तिनं सम्राटच्या दुकानाचा दिला.

"आता तुमचं सांगा," तिनं बेचाळिसावं कार्ड पुढं केलं.

"मला... नीट सांगाय येत न्हाई."

"मग स्वतः लिवा. कवा पण लिवा. पण कोरं ठिवू नका."

त्यानं कार्ड खिशात ठेवलं. ठेवताना तिच्या बोटांना त्याची बोटं लागली आणि दोघंही उगाचच टीव्हीकडं बघू लागले. तो तर केव्हाच बंद झाला होता. आत्यानं हे बघितलं, पण तिनं पानाला चुना लावायचं काम चालू ठेवलं.

मुंबईहून उत्तर काही आलं नाही. राजश्री मात्र दर रविवारी नव्या जोमानं येत राहिली. आता ती मालिकेसाठी येते की कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं आणि खरं उत्तरही दिलं. तिला सम्राट आवडला होता. त्याचं कमी बोलणं, सोल्डरिंगचा धूर तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून पंखा वळवणं, तिची जागा भिंतीजवळ राखून ठेवणं... सगळंच. एक गोष्ट फक्त तिला खुपायची. तो कधी अलीकडं आला नाही. लहानपणी बैल धुताना बंधाऱ्यात त्यानं गटांगळ्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी त्याला चालत नव्हतं.

शेवटच्या भागाला एक रविवार उरला, तेव्हा ती मालिका संपल्यावर मागं थांबली.

"पुढच्या रविवारी मी यायची न्हाई."

"का? शेवटचा भाग हाय!"

"सणसवाडीचे पाव्हणे येणार हायत. मला बघायला. मुलगा कंपनीत पर्मनंट हाय."

सम्राटच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर पडला. "पण... शेवट?"

"एवढंच सुचतंय तुम्हाला?" राजश्रीचा आवाज चढला. "वज्रकेतू सातव्या मजल्यावरनं उडी मारतो म्हणून टाळ्या पिटता. तुम्हाला नावेत बसवत न्हाई!"

ती तरातरा काठाकडं गेली. नावेत तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते मनगटानं पुसले. मंजिरीसारखं रडत बसायचं नाही. नाही म्हणायचं असेल तर आपणच म्हणायचं, चारचौघांत म्हणायचं, मग काय व्हायचं ते होवो.

रविवारी साडेअकराला पाहुणे आले. मुलगा सतीश, त्याची आई आणि मामा. अंगणातल्या पत्र्याखाली सतरंजी पसरली. राजश्रीनं पोह्यांच्या बशा दिल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेबारा. तिचे वडील शंकरराव पाहुण्यांना उसाचं सांगत होते. सतीश वाईट नव्हता. मान खाली घालून पोहे खात होता. तिला फक्त तो नको होता.

एवढ्यात नदीच्या बाजूनं हौशीरामचा आरडाओरडा आला. "हालू नका वो! सेट पडंल! डोळं उघडा आता, काठ आलाय!"

सगळे उठून बघायला लागले. नावेच्या मधोमध सम्राट बसला होता. मांडीवर चौदा इंची टीव्ही, त्याला दोन्ही हातांची मिठी, डोळे गच्च मिटलेले. पायांशी ट्रॅक्टरची बॅटरी. हौशीरामच्या काखेत अँटेना. सम्राट उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण टीव्हीवर पाण्याचा एक थेंब नव्हता.

राजश्रीनं हातातली बशी आत्याकडं देऊन टाकली.

"जयभीम, आप्पा," सम्राटनं शंकररावांना हात जोडले. "तुमच्याकडं लाइट नसती... शेवटचा भाग हाय, म्हणून..."

शंकररावांच्या आधी सतीशची आईच बोलली, "अगोबाई, वज्रकेतू व्हय? लावा, लावा! घरी रंगीत हाय आमच्या, पण आज ह्या गडबडीत बुडणार व्हता."

झालं. बघायचा कार्यक्रम टीव्ही बघायचा झाला. हौशीराम पत्र्यावर चढून अँटेना धरून उभा राहिला. पडदा उजळला. निम्मी आळी अंगणात जमली. वज्रकेतू मंजिरीसमोर उभा होता. आज तो मुखवटा काढणार होता. त्याचा हात वर गेला, मुखवट्याला लागला—

पडद्यावरचं चित्र आक्रसत आक्रसत एका ठिपक्याएवढं झालं. मग तेही गेलं.

"बॅटरी!" सम्राट कपाळावर हात मारून म्हणाला. "चार्ज झालेली दुकानातच ऱ्हायली. चार्जिंगला आलेली उचलली मी... घाईत."

अंगणात एकच गोंधळ उडाला. कुणी हळहळलं, कुणी सम्राटला शिव्या घातल्या. सतीशनं आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं, "म्हंजी काढला का न्हाई मुखवटा?"

"राजश्रीला ठाव असंल," आत्या म्हणाली. "तिनं समदं वाचलंय. सांग गं, पुढं काय व्हतं?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडं वळले. चोविसावा अंक तिनं कधी वाचलाच नव्हता. तिनं सम्राटकडं बघितलं. तो ओल्या पायांनी तसाच उभा होता.

"मंजिरी रडत न्हाई," राजश्री म्हणाली. "तिच्यासाठी दुसरं चांगलं स्थळ आल्यालं असतं. मोठ्या नोकरीचं. ती त्यांना हात जोडून सांगती, तुमच्यात खोट काय न्हाई. पण मला ह्योच पायजे. ज्याला भ्या वाटतं आन् तरी जो येतो, त्यो."

सतीशनं बशी खाली ठेवली. "मामा," तो हळूच म्हणाला, "मला वाटतंय, ह्ये मालिकेचं नव्हं."

शंकररावांनी लेकीकडं बघितलं, मग सम्राटकडं. "आन् तुझं रं काय म्हणणं हाय?"

सम्राटनं खिशातून एक दुमडलेलं पोस्टकार्ड काढलं आणि शंकररावांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"'माननीय निर्माते साहेब. मंजिरी दर रविवारी नदी ओलांडून येते. तो एकदाही गेला नाही. आता त्याची पाळी आहे. आपला प्रेक्षक, सम्राट.'"

शंकररावांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. "मालिकेत नदी कुठं हाय?"

दगडाआत्यानं पानाची पिंक टाकली आणि भीमेकडं बोट केलं. "ही काय."

सगळ्यात आधी सतीशची आई हसली. मग सतीश, मग पत्र्यावरून हौशीराम. शंकररावांना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी पाहुण्यांपुढं हात जोडले, माफी मागितली. सतीश उठून उभा राहिला. "चालायचंच, आप्पा," तो म्हणाला. "तेवढं मुखवट्याचं कळलं तर कळवा."

पाहुणे गेल्यावर शंकरराव सम्राटजवळ आले. "पुढच्या रविवारी आईबापाला घेऊन ये. आन् नावेनंच ये. बघू दे मला, परत बसतो का."

"बसतो, आप्पा," सम्राट म्हणाला. मग नदीकडं बघितलं, आणि आत्ता परत जायलाही नावेतच बसायचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा पुन्हा पांढरा पडला.

राजश्रीनं बॅटरी उचलली आणि ओढणी कमरेला खोचली. "चला, मी येते काठापत्तूर. पण ह्या वक्ताला डोळं मिटायचं न्हाई."

"मग कुठं बघू?"

"माझ्याकडं बघा की."

नाव निघाली. काठ आणि काठावर उभी राजश्री लांब लांब जाऊ लागली. हौशीराम वल्हं मारत होता आणि मधोमध सम्राट टीव्हीला मिठी मारून बसला होता, थरथरत, पण डोळे टक्क उघडे ठेवून.