मी वाट बघते

"थुंक! तनिषा, आधी थुंक ते!"

पाच वर्षांच्या माझ्या लेकीने वेलीवरचं द्राक्ष तोडून सरळ तोंडात टाकलं होतं. औषध फवारलेलं असेल तर? जवळचं हॉस्पिटल लुइसला की ब्रायटनला? — माझं डोकं भराभर धावायला लागलं.

"घाबरू नको," मागून आवाज आला. "या रांगेत औषध नाही. मी फवारते तेव्हा लाल पाटी लावते."

इंग्लंडात, ससेक्सच्या टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात, ऑफिसच्या सहलीत, चक्क मराठी! मी हसतच वळले... आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. समोर सहा फुटी माणूस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कात्री, दाढीत वेलीचं पान.

"फवारते?" मी विचारलं.

"हो. मीच फवारते, मीच छाटते. टूरपण मीच देते."

तनिषा एव्हाना द्राक्ष गिळून मोकळी झाली होती. "आई, हा काका मुलीसारखा का बोलतो?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तो मात्र कानांपर्यंत लाल झाला, आणि मग असा मोकळा हसला, की पुढे गेलेले माझे ऑफिसवाले वळून बघायला लागले.

त्याचं नाव शार्दूल. जन्म ब्रायटनचा. "मी दोन वर्षांची असताना बाबा गेले," तो सांगत होता. "मग घरात आई आणि आजी. दोघी 'मी जाते, मी येते' म्हणायच्या. मला वाटलं हेच मराठी! आजीने कधी करेक्टच केलं नाही. म्हणायची, गोड वाटतं, राहू दे."

आजीचं अगदीच चूक नव्हतं.

"ऑक्टोबरमध्ये तोडणीला ये," निघताना तो म्हणाला. "लंच फुकट. चिखलपण फुकट."

मी अजिबात जाणार नव्हते. क्रॉयडनहून एवढ्या लांब, लहान मुलीला घेऊन, एका परक्या माणसाच्या मळ्यात?

मी लागोपाठ तीन शनिवार गेले. तनिषाला मोकळी हवा हवी, असं स्वतःला सांगून.

उतारावरून खाली समुद्राची करडी पट्टी दिसायची. वाऱ्यानं ओठ खारट व्हायचे. शार्दूल माझ्या शेजारची रांग घ्यायचा — दर वेळी कुठल्या तरी योगायोगाने.

"घड खालून धर, आसावरी. मग काप. बोट सांभाळ." स्वतःबद्दल सोडून, मला उद्देशून बोलताना त्याचं व्याकरण कसं कोण जाणे, बिनचूक असायचं. "ही पांढरी माती बघितलीस? खडू. हाच समुद्राखालून पलीकडे जातो आणि फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात वर येतो. माती सेम, आणि नाव मात्र फ्रेंचांचं!"

"मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?"

"त्यांची ब्रँडी चोरून आणत होतो," तो गंभीरपणे म्हणाला. "अख्खी गावंच्या गावं. गोष्टी तर अशा सांगतात, की गावचे पाद्रीसुद्धा पिंपं चर्चमध्ये लपवायचे."

"छान संस्कार!"

"आणि चिखल. या कौंटीत चिखलाला तीसच्या वर शब्द आहेत. तुझ्या बुटाला लागलाय तो स्टोज. तनिषा बसलीये तो गबर."

"बसलीये?" मी कात्री टाकून पळाले.

मी तिला पुसत होते, तेव्हा तो शेजारी येऊन उकिडवा बसला. "तू तिच्याकडे जशी बघतेस ना, तशीच माझी आई बघायची. सारखी. आता पडेल, आता लागेल..."

"फार करते का मी?"

"खूपच," तो म्हणाला. "पण बघ ना... मी ठीक निघाले की नाही?"

मी हसले, आणि डोळे भरून आले. तनिषाच्या बाबांपासून वेगळं होऊन दोन वर्षं झाली होती. बाप जवळ नसलेलं मूल कसं मोठं होईल, हा प्रश्न मी रोज उशाला घेऊन झोपत होते. त्याचं उत्तर असं दाढी वाढवून, चिखलात बसून माझ्याकडे बघत होतं.

मग मी त्याला सांगूनच टाकलं. कंपनीने विचारलं होतं — डिसेंबरमध्ये पुण्याला परत, की इथे आणखी तीन वर्षं? येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"तुला काय पाहिजे?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

एवढा बोलका माणूस... नुसता कात्री उचलून पुढच्या वेलीकडे वळला.

बुधवारी त्याचा मेसेज आला. फोन नेमका आईच्या हातात. ती तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. नंबर मी सावधपणे 'ससेक्स' नावाने ठेवलेला.

"'पुन्हा कधी येतेस? मी वाट बघते,'" आईने चष्मा लावून वाचलं. "कोण गं ही? किती जीव लावते तुला! रविवारी जेवायला बोलाव तिला."

मी भित्री. म्हणाले, "बरं."

रविवारी आईने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"नमस्कार काकू, मी शार्दूल. वाइन आणलीये, पण तुम्हाला चालत नसेल तर मी परत नेते."

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंडाला पदर लावला. तिचं हसू पुऱ्या तळून होईपर्यंत थांबलं नाही. त्याने अकरा पुऱ्या खाल्ल्या.

"स्टेशनपर्यंत सोडून ये त्याला," नंतर ती म्हणाली. "तनिषाला मी बघते. आणि छत्री एकच ने."

ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर झिमझिम चालू होती. लुइसच्या गाडीला सहा मिनिटं होती.

"उद्या सोमवार," मी म्हणाले.

"आय नो."

"मग? काहीच म्हणायचं नाही तुला?"

तो छत्रीच्या काड्यांकडे बघत राहिला. "आमच्या ससेक्सचं एक जुनं ब्रीद आहे. 'वी वुन्ट बी ड्रव्ह.' म्हणजे... गुरांना काठीने पुढे ढकलतात ना, तसं आम्हाला कुणी—"

"हाकायचं नाही."

"हां, हाकायचं नाही. मग मी तुला कशी हाकू? राहा म्हटलं, तर ते तेच झालं ना? तुझी मुलगी, तुझा जॉब, तुझी आई. मी कोण सांगणार?"

मला इतका राग आला! "सगळे मला हाकतच आलेत, शार्दूल. सासर, वकील, कंपनी. मला ते बरोबर ओळखता येतं. पण हाकणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. हाक ऐकून यायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवतो. निदान हाक तरी मारशील!"

गाडी आली. तो आत चढला. दारं मिटताना बघवणार नाही म्हणून मी पाठ फिरवली. मागे भोंगा वाजला, चाकं खडखडली, आवाज लांब गेला. झालं, मी मनाशी म्हटलं. पुणे काही वाईट नाही.

"आसावरी!"

मी थबकले.

"आ-सा-व-री!" शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला घालावी, तशी साद. गाडी गेली होती आणि तो भिजत प्लॅटफॉर्मवरच उभा होता. एका बाईंनी पेपर खाली घेतला. दोन मुलांनी कानातले हेडफोन काढले.

"राहा! मला तू हवी आहेस. तनिषापण. मला भीती वाटते, पण हवी आहेस. आता तू ठरव!"

एरवी एवढ्या लोकांसमोर मी लाजेने अर्धी झाले असते. पण हाक आल्यावर काय करायचं, हे आपल्याला बोलता यायच्या आधीपासून माहीत असतं.

"ओ!" मी अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशी ओ दिली.