शोधून झालेली जागा

वहिनी गुप्तहेर होत्या यावर त्यांच्या सख्ख्या बहिणीचाही फार विश्वास नव्हता. मात्र घराच्या दर्शनी खोलीत रीतसर पाटी होती, आणि पाटीमागे वहिनींची बुद्धी होती. तिची धार गावातल्या बऱ्याच शहाण्यांना लागून गेली होती. त्यांच्या जोडीला भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. गुन्ह्याच्या जागेचा नकाशा काढावा तर भावजींनीच. निष्कर्ष मात्र त्यांनी काढू नये, कारण तो हमखास उलटा निघायचा.

त्या गुरुवारी सकाळी दारात एक तिशीची मुलगी उभी राहिली. खांदे भक्कम, तळहात खरखरीत, डोळे रडून सुजलेले.

"मी पोलिसांच्या पाणबुड्या पथकात आहे," ती म्हणाली. "माझ्या हातानं माझ्या बापाचं नाव घालवलंय मी."

वहिनींनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

तळ्याकाठी होड्या दुरुस्त करण्याचा कारखाना होता. मालक दोघे भाऊ. सोमवारी दुपारी थोरला शेडमध्ये डोकं फुटून मेलेला सापडला, आणि तिथल्या मेकॅनिकच्या पेटीतला सगळ्यात मोठा लोखंडी पाना गायब होता. आरडाओरडा मेकॅनिकनंच केला, पण इन्स्पेक्टरसाहेबांचा संशयही त्याच्यावरच बसला. मंगळवारी दुपारी त्याला कोठडीत टाकलं. पाना तळ्यात असणार म्हणून त्याच दिवशी पथक पाण्यात उतरलं होतं.

पथकाचा प्रमुख तिचा बाप. पथकातली सगळी माणसं त्याला उस्ताद म्हणत. सव्वीस वर्षं पाण्याखाली काढलेला माणूस. तळ्याचं पाणी इतकं गढूळ, की तळाशी डोळ्यांचा काही उपयोग नाही, जे काही करायचं ते हातानं. तळावर वजन लावलेला दोर टाकायचा, एक हात दोरावर ठेवायचा, दुसऱ्यानं चिखल चाचपत जायचं. एक फेरी झाली की दोर हातभर पुढे सरकवायचा. मंगळवारभर उस्तादनं स्वतः कारखान्यालगतचा निम्मा तळ असा चाचपला आणि संध्याकाळी सांगितलं, एवढ्या जागेत पाना नाही.

"बुधवारी सकाळी आठला मी उतरले," मुलगी म्हणाली. "शोधायला नाही, दोर हलवायला. तो आदल्या दिवशीच्या शेवटच्या फेरीच्या जागीच होता. दोर धरून वीसेक फूट गेले असेन, हाताला लोखंड लागलं."

"वर कसा आणलास?" वहिनींनी विचारलं.

"एका हातानं उचलला आणि पाण्यातच डब्यात ठेवला. दुसरा हात दोरावरच होता. दोर सोडायचा नाही, अशी बाबांची शिकवण आहे."

"जड होता?"

"चार किलो असेल. पण अडकला नव्हता कशात. अलगद आला."

पान्याच्या खाचेत रक्त होतं. साहेबांनी अहवालात लिहिलं: पथकप्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे पुरावा पहिल्या दिवशी हुकला. उस्तादला पाण्यातून काढून कार्यालयात बसवायचं ठरलं. घरी बुधवारी दोन्ही वेळा बापलेक समोरासमोर बसून जेवले आणि मीठ मागण्यापुरतंही बोलले नाहीत.

"त्यांचा हात चुकला असेल का हो?" तिनं विचारलं, आणि विचारल्याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

भावजी हळहळले. सव्वीस वर्षांत एकदा चुकायचाच, असं काहीतरी पुटपुटले. वहिनींनी त्यांना वह्या-पेन्सिली घ्यायला सांगितलं.

उस्ताद पथकाच्या खोलीत रबरी पोशाख वाळत घालत होता. आता तेवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं. वहिनी आत गेल्या तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

"मी हात फिरवलेल्या जागेत सुई राहत नाही," तो म्हणाला. "याउपर मला काही बोलायचं नाही."

एवढा ताठा भावजींना काही आवडला नाही. वहिनींना मात्र फार आवडला. त्यांनी चुकीबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी काम कसं आवरता, एवढंच विचारलं. कामाचं बोलणं निघाल्यावर उस्तादचा आवाज जरा सैल झाला. पाण्यावर खुणेसाठी सोडलेली तरंडी तो रोज स्वतः काढून घ्यायचा. कुठवर शोधलं ते वरून कुणाला कळता कामा नये. दोर मात्र तळाशीच राहू द्यायचा, म्हणजे सकाळी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मग तो मालकांच्या घराच्या ओसरीवर साहेबांना भेटला. तिथं दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"काय सांगितलंत साहेबांना? अगदी शब्दन्‌शब्द सांगा."

"पायऱ्यांपासून निळ्या होडीपर्यंत झालं. उद्या क्रेनकडची बाजू. साहेब म्हणाले, ठीक, मीही उद्या नऊला या घराची झडती घेतो. मग त्यांनी डाग तपासायला ती निळी होडी ओढून शेडमध्ये नेली. ती अजून तिथंच आहे."

"आणि झडती?"

"आठलाच पाना सापडला. झडती कशाला घेतायत?"

कारखान्याला कुंपण होतं, एकच फाटक होतं आणि सोमवारपासून तिथं शिपाई बसलेला होता. पोलीस सोडून बाहेरचं कुणी आत गेलं नव्हतं, मेकॅनिक सोडून आतलं कुणी बाहेर आलं नव्हतं. आत रात्री दोनच माणसं असायची, रखवालदार आणि धाकटा भाऊ.

रखवालदार म्हातारा, बोलघेवडा आणि स्वतःवर खूश. त्याच्या खोलीतून रस्ता दिसायचा, तळं नाही. पाणबुडे मंगळवारी कुठं शोधत होते असं विचारल्यावर त्यानं छातीठोकपणे सांगितलं की क्रेनकडे, दिवसभर तिकडेच. त्यांची गाडी तिथंच तर उभी होती. भावजींनी ते इमानदारीत लिहून घेतलं आणि हा माणूस उघड खोटं बोलतोय असं वहिनींच्या कानात सांगितलं.

"खोटं नाही, चुकीचं," वहिनी म्हणाल्या. "त्यात फरक असतो, भावजी."

धाकटा भाऊ ओसरीच्या बरोबर वरच्या मजल्यावरच्या खोलीत, उघड्या खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. मंगळवारी अंगात ताप होता, दुपारी गोळी घेऊन झोपलो तो थेट बुधवारी सकाळी उठलो, असं त्यानं सांगितलं. काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. मेकॅनिकवर दादाचा फार जीव, सगळा कारखाना त्याच्या हाताखाली द्यायला निघाला होता, आणि त्यानं असे पांग फेडले, असंही म्हणाला. हे सांगताना त्याचे ओठ थरथरले. ते दुःखानं की रागानं, भावजींना ठरवता आलं नाही.

मग त्यानं उस्तादवर तोंडसुख घेतलं. असली माणसं नेमतातच कशाला?

"पायऱ्यांपासून निळ्या होडीपर्यंत सगळं पाहून झालं म्हणे. आणि पाना निघाला कुठे? तिथेच."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"साहेबांचा अहवाल वाचला ना मी."

वहिनींनी आभार मानले. बाहेर येऊन भावजींना ओसरीचा नकाशा काढायला लावला, वरच्या खिडकीसकट. मग अहवालाची प्रत मागवून दोनदा वाचली आणि संध्याकाळी सगळ्यांना पथकाच्या खोलीत बोलावलं.

साहेब आले ते घड्याळ बघतच. धाकटा दाराजवळ उभा राहिला. बापलेक खोलीच्या दोन टोकांना, बाप भिंतीशी आणि मुलगी दारात.

वहिनींनी टेबलावर चिखलाचं ताट ठेवलं. त्यावर दोराचा एक तुकडा आणि एक पाना ठेवला.

"साहेब, समजा पाना सोमवारीच पाण्यात पडला. मंगळवारी त्यावर दोर आला. मग दोर कुठे असेल?"

"पान्याच्या वर," साहेब म्हणाले.

"वरून दोर गेलेला चार किलोचा पाना, दोराला धक्का न लावता, एका हातानं अलगद उचलता येईल?"

साहेबांनी ताटातला पाना हलवून पाहिला. वहिनींनी मुलीकडे पाहिलं. "डोळे मिट आणि सांग. तुझा हात दोरावर होता. लोखंड लागलं तेव्हा दोर कुठे गेला होता?"

मुलीनं डोळे मिटले. तिचा डावा हात हवेत पुढे सरकला, थांबला, खाली वळला.

"पान्याच्या खाली," ती म्हणाली. "चिखलात दबला होता. पाना दोरावर आडवा पडला होता."

"हे अहवालात का नाही?" साहेबांनी विचारलं.

"फॉर्मात रकाना नव्हता. जागा, खोली, वेळ, एवढंच होतं. आणि मला... मला वाटलं, बाबांचंच चुकलं."

भावजींच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनाही आत्ता कळलं होतं.

"तेव्हा पाना दोर टाकल्यानंतर पडला," वहिनी म्हणाल्या. "मंगळवार संध्याकाळनंतर. मेकॅनिक तेव्हा तुमच्याच कोठडीत होता. आत राहिली दोन माणसं. त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी घराची झडती होणार हे कळलं. पाना घरात होता आणि फाटकात शिपाई. उरलं तळं. तळ्यातही सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? जी शोधून झालेली आहे. तिथं पुन्हा कोण उतरणार? दोर अजून तळाशी आहे आणि त्याच्या मागे सकाळी कुणीतरी जाणार, हे ओसरीवर बोललंच गेलं नव्हतं, म्हणून त्यालाही ते माहीत नव्हतं."

"रखवालदार," साहेब म्हणाले.

"रखवालदाराला वाटतं, पथक क्रेनकडे होतं. त्यानं टाकला असता तर क्रेनकडे टाकला असता. कुठवर शोधलं ते पाण्यावर दिसत नव्हतं, तरंडी काढलेली होती. ते ठाऊक होतं ओसरीवरच्या दोघांना, आणि वरच्या उघड्या खिडकीतून ऐकणाऱ्याला. साहेब, तुमच्या अहवालात त्या जागेची हद्द कशी लिहिलीये?"

"पायऱ्यांपासून चाळीस फूट."

"निळी होडी?"

"नाही. ती तर मी तेव्हाच शेडमध्ये नेली."

"मग ज्यानं फक्त अहवाल वाचला, मंगळवार दुपारपासून जो झोपला होता, त्याच्या तोंडी 'निळ्या होडीपर्यंत' कुठून आलं?"

धाकट्यानं दाराकडे पाऊल टाकलं, पण दारात मुलगी होती, आणि तिचे खांदे भक्कम होते. वहिनी म्हणाल्या, झडती रद्द झालीये, घर अजून जसंच्या तसं आहे, आत्ता बघा. तासाभरात शिपायांनी त्याच्या कपाटातून तेलाचे आणि रक्ताचे डाग पडलेलं फडकं आणलं. मग तो खाली बसला. दादानं माझ्यावर नोकर बसवला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्याला नेल्यावर साहेबांनी अहवाल मागवला, निष्काळजीपणाचं वाक्य खोडलं आणि शेजारी सही केली. उस्तादची माफी मागितली, तीही चारचौघांत. उस्तादनं ती मान हलवून स्वीकारली. त्याचं लक्ष साहेबांकडे नव्हतंच.

तो खोली ओलांडून मुलीपाशी गेला.

"एका हातानं उचललास?"

"हो."

"बाप चुकला असं वाटूनसुद्धा पाना लपवला नाहीस. परत टाकून दिला असतास, तर कुणाला कळलं असतं?"

"तुम्हाला," ती म्हणाली.

उस्तादचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवायचा काही प्रयत्न केला नाही. या पथकात तिला येऊन सहा वर्षं झाली होती, आणि इथं त्यानं तिला एकदाही मुलगी म्हणून हाक मारली नव्हती. लोक वशिला म्हणतील म्हणून. आता त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला साहेबांसमोर उभं केलं.

"साहेब," तो म्हणाला, "ही माझी मुलगी."

साहेबांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ते खुर्चीवरून उठले, आणि त्यांनी तिला सलाम केला.