दुसरी सही

सरका रे पोट्टेहो, शेकोटीजवळ या. हे आयकीव नाई. देवानंद माह्या साडभावाचा पोरगा, त्यानं सोता मले सांगितलं.

सिहोऱ्याच्या रस्त्यावर ते बंद पडलेली राइस मिल आहे ना, तिथं आता कंपन्यायचे जुने कागद ठेवतेत. खोक्यात भरून, लोखंडी रॅकवर. देवानंदचं काम का, तं खोक्यावरचा नंबर अन् आतला माल यादीत चढवाचा. काम दोघायचं. एक जन बोलते, दुसरा लिहिते, अन् पानाखाली दोघायच्या सह्या. दुसरी सही नसली का पान बाद. पान बाद म्हंजे खोकं लगद्याच्या कारखान्यात.

बोलनारे होते श्यामराव. म्हातारा खडूस, पन आवाज खणखणीत. सही हिरव्या शाईनं, अन् त्या पेनाले कोनाले हात लावू देत नोहोते. दिवाळीत गेले बिच्चारे. देवानंदनं तो पेन सोताच्या हातानं त्यायच्या खिशात ठेवला, मंग सरण पेटवलं. मालकानं दुसरा मानूस देल्लाच नाई. देवानंद एकटाच बोले, एकटाच लिही, अन् दुसऱ्या सहीची जागा कोरीच राहे. डबा खातानी समोरच्या खाली खुर्चीकडं पाहे, अन् त्याले रडू ये.

मागच्या डिसेंबरची अकरा तारीख. गुरुवार. संध्याकाळी बपेऱ्याची रेवताबाई आली. तिचा नवरा धनीराम खदानीत जमिनीखाली कामाले होता, आता खोकलून खोकलून अर्धा झाला. फुकट इलाजासाठी दवाखान्यानं त्याच्या खदानीतल्या हजेरीची नक्कल मांगितली, तेही सह्या झालेल्या यादीतलीच.

"पाहून दे ना बापू! माहा मानूस चालला रे हातचा!"

अन् सकाळी नऊले बिनयादीचे खोके न्याले ट्रक येनार होता.

थांबला देवानंद. दहा वाजले. अकरा झाले. थंडीनं बोटं वळेनात. दीडशे खोके, अन् त्यात एक रजिस्टर! थकून त्यानं टेबलावर डोकं टेकलं.

"सातशे बारा..."

मांगच्या रॅककडून. खणखणीत.

ए खुशबू, अशी चिपकू नोको वं, आयक.

देवानंदची मान वर होईना. पन हात... हात सवयीनं चालला. लिहिलं.

"हजेरी. जमिनीखालची पाळी..."

लिहिलं.

"धनीराम..."

तेही लिहिलं.

दोन महिन्यानं कामात कोनीतरी त्याच्यासंगं बोललं होतं.

"काका... जेवले का?"

तो उठला. मांगच्या रॅकवर, अगदी खाली, सातशे बारा. वरच रजिस्टर. धनीरामचं नाव. छातीशी धरून ढसाढसा रडला पोरगा. मंग ध्यानात आलं... दुसरी सही कोन करन? कोरी जागा तशीच सोडली, पान टेबलावर ठेवलं, शटरले दोन कुलुपं लावले, चाब्या खिशात घालून घरी गेला.

सकाळी आठले रेवताबाई शटरसमोर उभीच होती. दोन्ही कुलुपं जसेच्या तसे. देवानंदनं उघडलं, टेबलाजवळ गेला, अन् थबकला.

"काहून रे बापू, नाई भेटलं का?" तिनं इचारलं.

भेटलं होतं. धनीराम आज दवाखान्यात आहे, औषध चालू आहे.

पन त्या पानाखाली दुसरी सही होती. श्यामरावची. खाली तारीख, अकरा डिसेंबर.

हिरव्या शाईनं.