ओल्या वाळूवर तीस मिनिटं

"अहो, बघत काय राहिलात? धरा की खुर्ची!"

जिन्यावरून उतरणाऱ्या तरुणाला रिद्धीने दरडावलं. बोईसर स्टेशनजवळचं ते हृदयरुग्णांचं व्यायामकेंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि खुर्चीत तिचे बाबा — घिवलीचे मच्छीमार दिनानाथ तांडेल. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. खुर्ची एका बाजूने रिक्षावाल्याने उचलली होती, दुसऱ्या बाजूने तिने.

तरुणाने खुर्चीला हात लावला नाही. तो बाबांसमोर वाकला. "काका, वर यायचं ना? चार पायऱ्या चढू, दम खाऊ, मग पुढच्या चार. घाई कुणाला आहे?"

"त्यांना चालायला लावताय? तुम्हाला अक्कल आहे का?"

"आहे थोडी. मी सुजीत, इथला फिजिओथेरपिस्ट." तो हसला... आणि गालाला खळी पडली मेल्याच्या. "काकांनाच न्यायला खाली येत होतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रिद्धीला झालं. बाबा मात्र सात मिनिटांत अठरा पायऱ्या चढले आणि वर पोचल्यावर कित्येक दिवसांनी त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

खरं तर चूक तिच्या एकटीची नव्हती. झटका आल्यापासून आई, जयवंती, बाबांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. रिद्धीने तर तारापूरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून बिनपगारी रजा काढून बाबांच्या खाटेजवळ मुक्काम ठोकला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ही पोरगी पाणीही फुंकत होती.

"हृदयाला बसवून ठेवलं की ते आणखी कमकुवत होतं," सुजीतने तिला समजावलं. "शरीराला चालायची सवय झाली की तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके लागतात. फक्त बेताने. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं."

ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढायला मात्र बाबा तयार होईनात. "एका जागी चालायचं? होडी खुंट्याला बांदून वल्ही मारायची काय?"

"मग किनाऱ्यावर चाला," सुजीत म्हणाला. "कोरड्या वाळूत पाय रुततो, दुप्पट दम लागतो. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर चाला. रोज तीस मिनिटं. आणि रिद्धी, तुम्ही त्यांची नाडी मोजायची."

"कशी?"

त्याने आपलंच मनगट पुढे केलं. तिने बोटं टेकवली. घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"एकशे आठ?"

"ते... आत्ताच जिना चढलो ना."

"अर्धा तास इथेच बसलायत!"

"मग तुमचं मोजणं चुकलं असेल," तो म्हणाला खरा, पण तिच्याकडे न बघता. रिद्धीनेही बोटं काढायला जरा उशीरच केला.

चैत्र पौर्णिमेला बाबा चालायला लागले. आठवडा छान गेला. नवव्या दिवशी, भर दुपारी, रेतीवरून चार माणसं त्यांना धरून घरी घेऊन आली. घामाने थबथबलेले, ओठ सुकलेले. गावच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला. हृदय ठीक होतं, ऊन लागलं होतं. तोवर रिद्धीचा फोन जाताच सरावलीच्या आपल्या घरून सुजीत मोटरसायकलने येऊन पोचला होता.

"काका, बारा वाजता का निघालात?"

"तुमीच बोललात ना, ओहोटीला चाला! पुनवेला ओहोटी सकाळी सहाला होती. रोज पाऊण तास फुडं जाते. आज अष्टमी हाय, म्हनून बाराला."

"ओहोटी... पुढे जाते?"

ओटीवर जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरावलीच्या कामगार वसाहतीत वाढलेला हा पोरगा, समुद्र बघायचा तो रविवारी भेळेबरोबर! त्याला तिथी आणि पाण्याचं गणित कुठून ठाऊक असणार?

रिद्धीने शिव्यांची टोपली भरून ठेवली होती. पण ती ओतायच्या आधीच सुजीत सगळ्यांसमोर उभा राहिला. "काकांचं काही चुकलं नाही. त्यांनी मी सांगितलं तेच केलं. माहीत नसताना मी सांगितलं, चूक माझी आहे. माफ करा."

शिकलासवरलेला माणूस चारचौघांत अशी चूक कबूल करतो, हे रिद्धी पहिल्यांदाच बघत होती. त्या क्षणी तिला तो आवडला. उगाच आडपडदा कशाला — भयंकर आवडला.

मग दर रविवारी तो घिवलीला यायला लागला. रिद्धी त्याला तिथीवरून ओहोटी काढायला शिकवायची. ओहोटी भर उन्हात येईल त्या दिवशी बाबा गावच्या डांबरी रस्त्यावर, सावलीतून चालायचे. दोघं त्यांच्या मागे चालायची, हळूहळू, अंतर ठेवून...

"आज कुठली तिथी?"

"चतुर्थी. ओहोटी नऊच्या सुमाराला."

"पास! शिष्य हुशार आहे."

"गुरू सुंदर असला की अभ्यास होतो," तो पुटपुटला, आणि पुढून बाबा मुद्दाम खोकले.

चैत्रात सहा मिनिटांत दोनशे साठ मीटर चालणारे बाबा आषाढात चारशे तीस मीटर चालले. जिना न थांबता चढू लागले. रक्तदाब उतरला, झोप लागू लागली, आईशी भांडायला आवाज परत आला. रिद्धी कामावर रुजू झाली. हे सगळं गोळ्यांबरोबर त्या रोजच्या तीस मिनिटांनी केलं होतं, आणि ती तीस मिनिटं बाबांकडून करवून घेणाऱ्या माणसाने. रिद्धीला त्याचं कौतुक मनात मावत नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली: होडीवर जा, जाळं ओढू नका, दुपारपर्यंत परत या. होडी पाण्यात उतरली तरी बाबा किनाऱ्यावरच थांबले.

"पोरी, तू नाय बोललीस तर नाय जानार. पन घरात बसलो तर मी जिवंत असून नसल्यासारखा."

रिद्धीने निरोप द्यायला आलेल्या सुजीतकडे पाहिलं. "यांच्या जागी तुमचे वडील असते तर?"

"पाठवलं असतं," तो म्हणाला, "आणि ते येईपर्यंत इथेच बसून राहिलो असतो. घाबरत."

"तुम्हीसुद्धा... घाबरता?"

"रोज."

तिने गोळ्यांची डबी बाबांच्या खिशात ठेवली. "जा, बाबा."

होडी ठिपक्याएवढी झाली. दोघं वाळूवर बसली. नऊ वाजले, अकरा वाजले. श्रावणाची सर आली नि गेली, कुणीच उठलं नाही.

"रिद्धी, काकांचा व्यायामाचा कार्यक्रम संपला. आता घिवलीला यायला मला निमित्त नाही..."

"निमित्त कशाला लागतं?" ती समुद्राकडे बघतच म्हणाली. "माझ्यासाठी या."

त्याने तिचा हात हातात घेतला. भिजलेला, थंड. तिने तो सोडवून घेतला नाही.

दीडच्या सुमाराला होडी आली. बाबा स्वतः उतरले, गुडघाभर पाण्यातून सावकाश चालत आले. जयवंतीने टोपली पुढे केली, पण त्यांनी तिच्याआधी दोन पापलेटं निवडून सुजीतच्या हातात ठेवली.

"काका, पैसे..."

"पैल्या फेरीचं म्हावरं आमी इकत नाय," दिनानाथ म्हणाले. "घरच्या मानसांना वाटतो."

रिद्धीने आईच्या खांद्यात तोंड लपवलं, आणि जयवंती म्हणाली, "चला आता, जेवायला. जावयाला उपाशी ठेवायचा काय?"