नावाच्या जागी टकटक

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि ताईला साधी थापही धड मारता येत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भरदुपार होती. भुतं रात्रीच येतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

ताई सरकारी कचेरीत आहे. फायली लोकांसाठी खुल्या करायच्या आधी त्यातली नावं आणि पत्ते काळे करायचे, हे तिचं काम. जोडीला शिंक्याकाका. धुळीने सारखे शिंकतात, म्हणून ते नाव पडलेलं. ताई मोठ्याने वाचणार, काका मार्करने काळं करणार. आणि त्या खोलीचा एक रिवाज होता. नाव आलं की ते उच्चारायचं नाही.

टेबलावर बोटाने टकटक करायची.

टकटक झाली की काकांचा मार्कर फिरायचा.

एकदा एका बाईची फाईल आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती लेकीला घेऊन पळाली होती आणि तिने सरकारकडे संरक्षण मागितलं होतं. तिचं नाव काळं झालं. पत्ता काळा झाला. एक वाक्य मात्र राहिलं...

'खालच्या दुकानातल्या घड्याळांच्या टोल्यांनी मुलगी दचकून उठते.'

त्यात नाव कुठे होतं? दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

पण वर बिऱ्हाड असलेलं घड्याळांचं दुकान अख्ख्या शहरात एकच.

नवऱ्याने ते वाचलं.

बाई जिवानिशी गेली. मुलगी शेजारी खेळायला गेली होती, म्हणून वाचली. नवरा अजून सापडलेला नाही.

ताईने अन्नपाणी सोडलं. "मी मारलं रे तिला," एवढंच म्हणायची. मी समजूत काढायचो, पण तिच्या डोळ्यांत मला बघवत नव्हतं.

मग ती दुपार आली.

ताई एका म्हाताऱ्या साक्षीदाराची फाईल वाचत होती. "रोज सकाळी पुलाखालच्या बाकावर बसतो..."

टक्... टक्...

काकांनी मार्कर उचलला. "काय काळं करू?"

"काही नाही. मी कुठे वाजवलं?"

"अगं, आत्ता तर वाजवलंस!"

ताईचे दोन्ही हात फाईलवर होते. काकांच्या एका हातात मार्कर, दुसऱ्यात रुमाल.

"उंदीर असेल," काका म्हणाले. "सरकारी आहे ना, जेवणाच्या सुट्टीतच कामाला लागतो." आणि हसले. एकटेच.

ताईने तेच वाक्य पुन्हा वाचलं.

टक्... टक्...

आवाज टेबलाच्या आतून येत होता.

काकांनी ते वाक्य काळं केलं. त्या दिवशी ते एकदाही शिंकले नाहीत.

तेव्हापासून हे असंच चाललंय. वाक्यात नाव नसतं, पण त्यावरून माणूस सापडू शकतो... तिथे टकटक होते. ताई म्हणते, "ती माझ्यावर रागावलेली नाही रे. राखण करतेय." असेल. पण रागावलेलं माणूसही राखण करतंच की. मला भीती वाटते ती त्याचीच.

काल मी हे लिहायला बसलो. माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चांगल्या उजेडात. घड्याळांच्या दुकानाचं ते वाक्य लिहिलं आणि टेबलाला कान लावला. पण काही वाजलं नाही. ती बाई आता कुणाला सापडणार?

मग त्या मुलीबद्दल लिहिलं. ती आता कुठे असते, कुणाकडे असते...

टक्... टक्...

घरात मी एकटा होतो.

टक्... टक्... टक्...

वाक्य खोडलं, तरी थांबेना. मी शहराचं नाव खोडलं. ताईचं खोडलं, माझंही खोडलं. मग कुठे आवाज बंद झाला.

आता सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचून पाहतोय. पुन्हा पुन्हा. तो माणूस मोकळाच आहे, आणि तुम्ही जे वाचताय ते त्यालाही वाचता येतं.

टेबल शांत आहे.

पण त्या बाईची फाईल वाचली, तेव्हाही टेबल शांतच होतं.