डावा स्पीकर

थापाच मारायच्या तर माझ्याकडे दुसरे विषय पुष्कळ आहेत. हे मात्र माझ्या मावसभावाच्या, दादाच्या घरी खरोखर घडलंय. गेल्या उन्हाळ्यात, रविवारी, भरदुपारी. सांगताना दादाने एकदाही मान वर केली नाही. तेवढ्यावरून माझा विश्वास बसला.

मावशीला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे काय, शेजारी ढोल बडवला तर ती म्हणेल, दारात कोणी आलंय का बघा. कानाचं मशीन आणून दिलं, तर भुंगा शिरल्यासारखं होतं म्हणून तिने ते डबीत ठेवून दिलं.

काका होते तोवर तिचं काही अडलं नाही. घरात कोणी काही बोललं, की काका तिच्या डाव्या कानाशी वाकायचे, घसा खाकरायचे आणि सुरू करायचे, "अगं, तो म्हणतोय…" मग सगळं बोलणं पुन्हा तिला सांगायचे. आम्ही पोरं त्यांना दुभाषी म्हणायचो.

काका गेले. हळूहळू मावशीच्या तोंडासमोर वाट्टेल ते बोलायची सगळ्यांना सवय लागली.

त्या दुपारी दादा टीव्हीला बाहेरचे स्पीकर जोडत होता. मावशी टीव्ही एवढ्या मोठ्याने लावायची, की वरच्या मजल्यावरची माणसं भांडायला यायची. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या कानांजवळ स्पीकर ठेवले की प्रश्न मिटला.

निदान तिला तसं सांगितलं होतं.

खरं म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला वृद्धाश्रमात सोडायचं ठरलं होतं. स्पीकर तिथल्या खोलीसाठी होते. दादा घरी नुसते वाजवून बघत होता. घराला रंग द्यायचाय, महिनाभर दुसरीकडे राहावं लागेल, अशी थाप त्याने मारली होती. बिचारीने निमूटपणे आपल्या साड्या बांधून ठेवल्या होत्या.

दादाने टीव्हीमागे पिना खोचल्या. सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला. उजवा स्पीकर झकास वाजू लागला.

डावा…

गप्प.

वायरी अदलाबदल केल्या. तरी डावा गप्पच. वैतागून त्याने टीव्ही बंद केला, पिना उपटल्या, स्पीकरचे प्लगही काढले.

तेवढ्यात वहिनी आली. खुर्चीत बसलेल्या मावशीच्या पुढ्यात उभं राहून तिने विचारलं, रंग कधी पुरा होणार असं आईंनी विचारलं, तर सांगायचं काय?

"काही सांगू नकोस," दादा म्हणाला. "विसरेल ती. परत कुठे आणायचंय तिला?"

डाव्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

मग कोणीतरी…

घसा खाकरला.

दादाने हातातल्या प्लगकडे बघितलं. वायर सरळ स्पीकरपर्यंत गेली होती. बोर्डात काहीच नव्हतं.

"अगं, तो म्हणतोय…"

काकांचा आवाज! नेहमीसारखाच. सावकाश, समजावणीचा.

"तो म्हणतोय, रंगबिंग काही नाही. तुला परत आणायचं नाहीये."

दादा म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. आपलेच शब्द बापाच्या तोंडून ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्पीकरसमोर गुडघ्यांवर बसला आणि अगदी हळू, पुटपुटल्यासारखं बोलला,

"बाबा, तिला सांगू नका."

मग पुन्हा घसा खाकरला.

"अगं, तो म्हणतोय… तुला सांगू नका."

मावशी डावीकडे वळली. घाबरलीबिबरली नाही. स्पीकरवर हात ठेवून म्हणाली,

"ऐकलं मी. हळू बोला जरा. पोराला लाज वाटेल."

मावशीला कुठेही पाठवलं नाही. स्पीकर दादाने त्याच संध्याकाळी भंगारात दिले. आता तो आणि वहिनी कामाचं बोलायला जिन्यात जातात.

परवा मी भेटायला गेलो होतो. मावशी खिडकीशी बसली होती. मी दादाला कुजबुजत विचारलं, त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला का रे तिने?

दादाने मला जिन्याकडे चल म्हणून खुणावलं.

मावशीने मान डावीकडे कलती केली. काही वेळ तशीच राहिली… हं हं करत.

मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"नाही रे काढला मी. पण पोराला किती दिवस छळणार तुम्ही?"