पाचव्या तारेची झिणझिण

ए, ठेव ती गिटार बाजूला. रागावत नाही रे, पण तुझी पाचवी तार झिणझिणतेय, आणि अंधार पडल्यावर तो आवाज मला सहन होत नाही. उद्या उजेडात वाजव, हवं तर माझ्या कानाशी येऊन वाजव. का म्हणजे काय? बरं, बसा, सांगतो. पण मध्येच कुणी दात काढले तर मी सरळ उठून जाईन. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेली आहे.

वाद्यं दुरुस्त करायचा तो. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. महा खडूस माणूस! गिऱ्हाईक म्हणालं, "आपोआप बिघडली हो," की हा भडकलाच. "आपोआप काही होत नसतं. आवाज येतोय म्हणजे कुठून तरी येतोय." बोट न दाबता मोकळी तार झिणझिणली तर वरच्या टोकाच्या पट्टीतली, म्हणजे नटातली, खाच खोल गेलीय. एकाच जागी झिणझिणली तर दांडीवरची पुढची आडवी पट्टी, म्हणजे फ्रेट, वर आलीय. सगळीकडेच झिणझिणली तर दांडी वाकलीय. सव्वीस वर्षं हेच काम केलं, आणि आवाज न सापडता वाद्य परत दिलं असं कधी झालं नाही.

त्याच्याकडे एक गृहस्थ एकच गिटार घेऊन तीनदा आले. घरी पाचवी तार मोकळी छेडली की झिणझिण, दुकानात आणली की एकदम स्वच्छ. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला, "अहो, डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तसली तऱ्हा आहे हिची." ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, घरी येता का? आजच. उद्या सकाळी सहाला सामानाचा ट्रक येतोय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गिटार त्यांच्या मुलीची. एकोणीस वर्षांची पोर, तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून तिची आई रोज संध्याकाळी तिच्या खोलीत बसून ती एक तार छेडायची, झिणझिण ऐकायची आणि म्हणायची, बघा, ओ दिली तिनं. खाणं नाही, झोप नाही, नुसता सांगाडा उरला होता बाईचा. आता घर सोडायची वेळ आली, तर म्हणते, तुम्ही व्हा पुढे, ती ओ देतेय तोवर मी इथून हलणार नाही.

"तो तारेचा दोष आहे, एवढं तिला दाखवा," गृहस्थ म्हणाले. "तिच्या डोळ्यांदेखत बंद करून दाखवा. नाहीतर मुलगी गेली तशी बायकोही जाईल माझी."

बुधवार होता. नोव्हेंबरची एकोणीस तारीख. संध्याकाळी सात चाळीसला मिस्त्रीनं दुसऱ्या मजल्यावरची ती बेल वाजवली. दार त्या बाईंनीच उघडलं. मागे खोक्यांची थप्पी, पडदे उतरवलेले, बोललं की घर घुमत होतं. त्याच्या हातातल्या हत्यारांच्या पेटीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला गप्प करायला आलात ना?"

मिस्त्रीनं पेटी पाठीमागे धरली. "वहिनी, मी फक्त गिटार बघतो," असं काहीतरी पुटपुटला तो.

मुलीची खोली रिकामी झाली होती. एक स्टूल, एक दिवा आणि गिटार. कॉट खाली गेली होती, भिंतीवर कॉटची खूण तेवढी राहिली होती. मिस्त्रीनं तार छेडली. स्वच्छ.

"असं घाई करून नाही," बाई म्हणाल्या. "थोडं थांबावं लागतं."

त्यानं पुन्हा छेडली आणि थांबला. सूर विरत गेला, विरत गेला... आणि अगदी संपताना ती झिणझिण आली. बारीक. तुम्हाला वाटेल घाबरला असेल. छे! खूश झाला गडी. "सापडलीस!" म्हणाला आणि कामाला लागला.

आधी सहाच्या सहा तारा बदलल्या. कोऱ्या, पाकिटातून काढलेल्या. झिणझिण तशीच. नटाच्या खाचेत कागदाची घडी घालून तार वर उचलली. तशीच. खुंट्यांचे स्क्रू आवळले, गिटारच्या पोटावर बोटांनी ठोकून आत काही सुटलंय का ते पाहिलं. काही सुटलेलं नव्हतं. मिस्त्रीला घाम फुटला, पण तो अजून रागाचा. बाई दारात बसून होत्या, गृहस्थ सारखे आतबाहेर करत होते. साडेआठ वाजून गेले होते.

मग त्यानं ते केलं जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. तार छेडली आणि तिच्यावर तळहात दाबला. तार थांबली की झिणझिण थांबते. दोष तारेचा असेल तर थांबलीच पाहिजे.

तार थांबली.

झिणझिण थांबली नाही.

हेही होतं कधी कधी, बरं का. एखाद्या सुराला खिडकीची काच थरथरते, दाराची कडी थरथरते. मिस्त्रीनं दोघांना बाहेर पाठवलं, दार लोटलं. काचेत कागद खोचला. कडी उतरवली. दिव्याची टोपीसुद्धा काढून ठेवली. आता खोलीत थरथरायला काही उरलंच नव्हतं. त्यानं तार छेडली. हात ठेवला.

झिणझिण.

तो कानानं शोधायला निघाला. खिडकी... नाही. दार... नाही. जिथे कॉट होती त्या कोपऱ्याकडे गेला आणि आवाज वाढला. गुडघ्यांवर बसला. भिंतीला कान लावला. भिंत गार. मुकी. आवाज भिंतीतून नव्हता. जरा मागे सरकला, तर समोरून होता. भिंतीच्या आणि त्याच्या मधून... कॉटवर बसलेल्या माणसाची मान येते, तेवढ्या उंचीवरून.

तिथे काही नव्हतं.

सव्वीस वर्षांची सवय. आवाज करणाऱ्या वस्तूवर हात ठेवायचा. त्यानं हात पुढे केला.

आवाज थांबला.

आणि तळहाताला... थरथर. आई गुणगुणत असताना आपण लहानपणी तिच्या पाठीला गाल लावायचो ना. तशी.

त्यानं हात काढला.

...पुन्हा सुरू.

दाराबाहेरून बाईंचा आवाज आला, अगदी शांत. "तार जुळवताना ती गुणगुणायची हो. याच सुरात."

तो उठला. दार उघडलं तेव्हा समोर दोघं उभी. बाईंचे खोल गेलेले डोळे आणि त्यांच्या मागे हात जोडून उभा असलेला तो बिचारा माणूस. मिस्त्रीनं हत्यारांच्या पेटीतला एक स्क्रू उचलला. "हा," तो म्हणाला, "हा ढिला होता. आवळला. संपलं."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला तो कामाच्या बाबतीत.

"वाजवा," बाई म्हणाल्या.

आता मेलो, असं वाटलं त्याला. तार छेडली. सूर विरत गेला. विरत गेला... तिघांचेही श्वास थांबलेले... आणि काही नाही. बाई वाट बघत राहिल्या. त्यानं पुन्हा छेडली. काही नाही. तिसऱ्यांदा... काही म्हणजे काही नाही.

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "घेऊन जा ती तुम्हीच," म्हणाल्या. "आता नुसतं लाकूड आहे." मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "जेवायला काही उरलंय का हो?" तो माणूस स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडला.

मिस्त्रीनं गिटार दुकानात आणून ठेवली, चेन लावलेल्या पिशवीतच. शटर ओढलं, दोन्ही कुलपं लावली. घरी गेला, पण डोळा लागेना. नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी साडेआठला दुकान उघडलं. पिशवी जिथल्या तिथे. चेन काढली.

आदल्या रात्री घातलेल्या कोऱ्या तारा काळ्या पडल्या होत्या. महिनोन् महिने बोटं घासून पडतात तशा.

त्यानं त्या गृहस्थांना फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवून लावला. तिकडे गाडीचा आवाज आणि त्या माणसाचा हसरा आवाज. "अहो मिस्त्री, दहाला झोपली ती थेट ट्रक आल्यावर उठवली तिला! शेजारीच बसलीय. आत्ताच चहा घेऊ या म्हणाली. बोला, कशाला केला होतात फोन?"

मिस्त्रीनं काळ्या तारांकडे पाहिलं.

"हॅलो? ...मिस्त्री?"

"काही नाही," तो म्हणाला. "सावकाश जा."

फोन ठेवला. मग खुंट्या सैल केल्या आणि पाचवी तार काढून हातात घेतली. खालच्या अंगाला नख फिरवलं. प्रत्येक फ्रेटच्या जागी खड्डा.

आणि तार ओलसर होती. कोमट.